सस्पेन्शन-जुळवणी, स्पोर्ट्स कारची

स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, अँटी-रोल बार (वळणात गाडीचे झुकणे रोखणारा आडवा दांडा), चाकांचे कोन, गाडीची उंची आणि टायरमधली हवा यांचा मेळ घालून स्पोर्ट्स कार ठरावीक रस्त्यासाठी किंवा शर्यतीच्या ट्रॅकसाठी तयार करणे, या कामाला सस्पेन्शन-जुळवणी म्हणतात. परिभाषेत सस्पेन्शनला ‘निलंबन’ हा शब्द आहे. पण तो वाचताच नोकरीतले निलंबन आठवते, म्हणून या नोंदीत रूढ शब्दच ठेवला आहे. गॅरेजमध्ये शॉक ॲब्सॉर्बरला ‘शॉकअप’ म्हणतात आणि हौशी चालक साऱ्या जुळवणीला नुसते ‘सेटअप’ म्हणतात.

तत्त्व : जुळवणीने पकड निर्माण होत नाही. पकड टायरची असते. ती चार चाकांत कशी वाटली जाईल एवढेच जुळवणी ठरवते. १,२०० किग्रॅ. वजनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५ मी. उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.५ मी. असेल, तर १ जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या) आडव्या त्वरणाने वळताना आतल्या चाकांवरचा सुमारे ४०० किग्रॅ. भार बाहेरच्या चाकांवर जातो. स्प्रिंगा कितीही कडक केल्या तरी हा आकडा जवळजवळ तसाच राहतो; बदलते ती पुढच्या आणि मागच्या चाकांत होणारी त्याची वाटणी. भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. त्यामुळे ज्या टोकाला भाराची ही अदलाबदल अधिक, त्या टोकाची चाके आधी घसरतात. पुढचा अँटी-रोल बार जाड केला की गाडी स्टिअरिंग न ऐकता वळणाबाहेर निघते, म्हणजे अंडरस्टिअर होते. मागचा जाड केला की मागची बाजू फिरू लागते, म्हणजे ओव्हरस्टिअर होते. बारची जाडी थोडी बदलली तरी परिणाम मोठा होतो, कारण भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो : २० मिमी.ऐवजी २२ मिमी. बार बसवला की तो जवळजवळ दीडपट कडक होतो.

उगम व मतभेद : घोडागाडीच्या कमानपाट्यांत पानांचे आपसातले घर्षणच उसळी शमवत असे. मोटारींचा वेग वाढला तसे ते अपुरे पडले. फ्रान्समधील ट्रुफो यांनी एकोणिसावे शतक संपता संपता घर्षणावर चालणारा शॉक बनवला आणि एडवर्ड हार्टफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो अमेरिकेत मोटारींसाठी विकायला आणला, यावर बहुतेक अभ्यासक सहमत आहेत. तेलावर चालणाऱ्या शॉकचे श्रेय साधारणपणे मोरीस हुदाय यांना देतात. त्याचा काळ सुमारे १९०८. अँटी-रोल बारचे पहिले पेटंट १९१९ मध्ये कॅनडातील स्टीफन कोलमन यांना मिळाले. सतत धक्के बसले की शॉकमधल्या तेलाला फेस येतो आणि शॉक ढिला पडतो. त्यावर ख्रिस्तियां बूर्सिये द कार्बों यांनी उपाय काढला : नळी एकच, तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये मोकळा फिरणारा पिस्टन. बिल्स्टाइन कंपनीने १९५० च्या दशकात त्याचे उत्पादन सुरू केले. ट्रॅकवरच्या गाड्यांत आजही मुख्यतः हीच एकनळी रचना दिसते.

खरा वाद मॅकफर्सन स्ट्रटविषयी आहे. शॉकलाच चाकाचा वरचा आधार करायचा, म्हणजे वरच्या आर्मची गरज राहत नाही, ही त्यातली कल्पना. जनरल मोटर्समध्ये शेव्हरोले कॅडेट या छोट्या गाडीवर काम करताना अर्ल मॅकफर्सन यांनी तिला आकार दिला. पेटंटचा अर्ज १९४७ चा, मंजुरी १९५३ ची. मात्र फियाटचे ग्विदो फोर्नाका यांचा साधारण तसाच आराखडा १९२० च्या दशकाच्या मध्यातला आहे. फ्रान्सच्या कोतँ-देगूत कंपनीनेही त्याच सुमारास पाटे वापरून जवळची रचना केली होती आणि तिची प्रेरणा १९०४ च्या सुमाराच्या वॉल्टर ख्रिस्ती यांच्या अमेरिकी मोटारीपर्यंत नेली जाते. मॅकफर्सन यांनी फोर्नाकांचा आराखडा पाहिला असावा असे काहींचे मत आहे. तरी स्प्रिंग, शॉक आणि सुकाणूचा आस एका खांबात आणून स्वस्तात उत्पादन करता येईल अशी पूर्ण रचना मॅकफर्सन यांचीच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अशा स्ट्रटची पहिली उत्पादित गाडी कोणती, यावरही दोन मते आहेत. अनेक ठिकाणी १९४९ ची फ्रेंच फोर्ड व्हेडेट सांगितली जाते, पण त्या गाडीला पुढे विशबोन (चाकाला वर-खाली धरणारे आर्म) होते. स्ट्रट १९५४ मध्ये कारखाना सिम्काकडे गेल्यावर आला. म्हणून १९५० मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलला हा मान देणारे मत ग्राह्य धरावे. या चर्चेला पुण्यात आजही व्यावहारिक अर्थ आहे, कारण इथल्या हौशी चालकांच्या बहुतेक गाड्या पुढे याच स्ट्रटवर उभ्या आहेत आणि त्याचे गुणदोष प्रत्येक जुळवणीत आडवे येतात.

स्प्रिंग व शॉक : स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी मोजावा लागतो. चाक १ मिमी. वर गेल्यावर स्प्रिंग किती दबते, या गुणोत्तराच्या वर्गाने स्प्रिंगच्या कडकपणाला गुणतात. स्ट्रटमध्ये हे गुणोत्तर १ च्या जवळ असते. विशबोनवर ते ०.७ असेल, तर ६० न्यूटन प्रति मिमी.ची स्प्रिंग चाकापाशी जेमतेम २९ ची उरते. दुसऱ्या गाडीवरून ऐकलेला स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला लावणे म्हणूनच फसवे असते. एका चाकावर ३०० किग्रॅ. भार आणि चाकापाशी ३० न्यूटन प्रति मिमी. कडकपणा असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे १.६ वेळा झुलते. ६० केला की २.२५ वेळा. साधी घरगुती गाडी १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार २ च्या आत; हवेच्या झोताने खाली दाबली जाण्याची सोय नसलेली शर्यतीची गाडी २ ते २.५ पर्यंत जाते.

मोरीस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये केलेले काम इथे आधारभूत आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, क्षणभराने मागच्या चाकाला. मागची बाजू थोडी जलद झुलली, तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डोलण्याऐवजी सपाट उठते-बसते. त्यासाठी पुढचा कडकपणा मागच्यापेक्षा सुमारे ३० टक्के कमी ठेवावा, असे ऑली सांगत. ट्रॅकवर अनेकदा हा क्रम उलटा करतात, कारण तिथे आरामापेक्षा स्टिअरिंगला लगेच प्रतिसाद मिळणे मोलाचे असते. दोन्हीकडे चालेल अशी जुळवणी करताना ऑलींचा क्रम मोडू नये, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. एक्स्प्रेसवेच्या सिमेंटच्या सांध्यांवर तासभर गाडी चालवली की त्याचे कारण अंगाला कळते.

शॉक ॲब्सॉर्बर हे नाव दिशाभूल करणारे आहे. धक्का स्प्रिंग झेलते, शॉक नंतरचे झुलणे मारतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर झुलणे त्याच प्रमाणात आवरायला शॉकचा रोध १.४ पट लागतो. नुसत्या कडक स्प्रिंगा घालून मूळ शॉक तसेच ठेवले की गाडी वळणात बसते खरी, पण प्रत्येक उंचवट्यानंतर दोनदा-तीनदा उसळते. शॉकला दोन दिशा असतात : दबताना आणि उलगडताना. उलगडणे फार आवळले, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायला वेळ मिळत नाही. गाडी हळूहळू बसत जाऊन शेवटी स्टॉपरवर आदळते. चालक त्याला ‘स्प्रिंग मऊ आहे’ समजून आणखी कडक स्प्रिंग घालतो. ही चूक अतिशय सामान्य आहे.

स्प्रिंग कापून गाडी खाली आणण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो सर्वथा टाळावा. आठ वेढ्यांतले दोन काढले की स्प्रिंग तिसऱ्या हिश्शाने कडक होते, तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण खाली लटकले की ती जागेवरून निसटू शकते.

कोन : कॅम्बर म्हणजे चाकाचा उभ्या रेषेशी कल. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकली की स्ट्रटवरचे बाहेरचे चाकही बाहेर झुकते आणि टायर कडेवर घासतो. म्हणून आधीच वरचा भाग आत कललेला, म्हणजे ऋण कॅम्बर देतात : रस्त्यासाठी साधारण अर्धा ते दीड अंश, ट्रॅकसाठी अडीच ते साडेतीन. रस्त्यावर तीन अंश ठेवले तर टायर आतल्या कडेने झिजतो. टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची बाजू आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळलेली असणे, चुकीचा असेल तर त्याहून वेगाने झिजतो. १६ इंची रिमवर १ मिमी. टो म्हणजे सुमारे ०.१४ अंश. ऐकायला क्षुल्लक, पण मागच्या चाकांना चुकून टो-आउट मिळाला की ब्रेक दाबताच गाडीचा मागचा भाग अस्वस्थ होतो. गाडी फार खाली आणली की स्ट्रटचा लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतो. मग चाक वर जाताना कॅम्बर वाढण्याऐवजी घटू लागतो, रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, गाडी उतरली त्याहून अधिक खाली जाते आणि उंची कमी करूनही झुकणे वाढते. पोलो, स्विफ्ट यांसारख्या गाड्यांच्या मागच्या ट्विस्ट बीमवर (दोन्ही चाके जोडणाऱ्या, पिळ घेणाऱ्या तुळईवर) कॅम्बर आणि टो फिरवून बदलता येत नाहीत, पातळ शिम (चकत्या) घालाव्या लागतात.

अलाइनमेंटच्या रॅकवर नेमके काय घडते ते पाहण्यासारखे असते. आधी टायरची हवा सारखी करतात, टाकी अर्धी भरलेली ठेवतात, चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती त्याच्या सीटवर ठेवतात. पुढची चाके फिरत्या ताटांवर घेऊन गाडी दोन-तीनदा दाबून सोडतात, म्हणजे बुशांतला ताण निघतो. मग कॅस्टर (बाजूने पाहता सुकाणूच्या आसाचा कल), कॅम्बर आणि शेवटी टो, याच क्रमाने, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. पोती आणायला विसरले तर चालक बसल्यावर त्याच्या बाजूचा आकडा बदलतो. ट्रॅकवर टायर गरम असतानाच पट्ट्याच्या आत, मध्ये आणि बाहेर तीन ठिकाणी सुई टोचून तापमान घेतात. बाहेरची कड सर्वांत तापलेली असेल तर कॅम्बर कमी आहे. मधला भाग तापला तर हवा जास्त. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक प्लॅस्टिकचा टाय घट्ट बांधतात. फेरीनंतर तो जिथे सरकलेला दिसतो, तिथवर शॉक दबला असे समजते.

पुणे परिसर : पुणे हे मोटारनिर्मितीचे मोठे केंद्र आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वेताळ टेकडीवर आहे, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तिथे तेव्हा बनणाऱ्या पोलोवर २०१० पासून एकाच गाडीच्या शर्यतींची मालिका झाली. तरी शर्यतीचे जुने नावाजलेले ट्रॅक दूर आहेत : चेन्नईजवळचा ३.७ किमी.चा, कोइम्बतूरचा २.१ किमी.चा कारी, ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किमी.चा बुद्ध. हौशी पुणेकराची गाडी ट्रेलरवर गेली नाही, तर काही फेऱ्यांसाठी हजाराहून अधिक किलोमीटर महामार्ग तुडवते. इथली जुळवणी त्यामुळे आधी रस्त्याची असते. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकातला गोलाकार गतिरोधक १० सेंमी. उंच आणि ३.७ मी. रुंद असतो, ताशी २५ किमी. वेग धरून आखलेला. गल्ल्यांतले गतिरोधक याहून अरुंद आणि टोकदार आढळतात, आणि डांबराचे थर चढत गेल्याने चेंबरची झाकणे खोल जातात. मुळात १६५ मिमी. मोकळीक असलेली हॅचबॅक ४० मिमी. खाली आणली की १२५ उरते. ब्रेक दाबताना नाक बसते ते वेगळे. पेठांतून रोज जाणारी गाडी १५-२० मिमी.पेक्षा खाली आणू नये. ताम्हिणी किंवा वरंध घाटात पावसाळ्यात पकडच कमी असल्याने गाडी फारशी झुकत नाही. तिथे मऊ बार आणि मोकळे शॉक गाडीला सांभाळतात. मेपर्यंत आवळलेले शॉक जूनमध्ये दोन-तीन क्लिक (शॉकचा रोध बदलणाऱ्या फिरकीच्या खाचा) सोडावेत. क्लिक नेहमी पूर्ण आवळलेल्या टोकापासून मोजतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम त्याच अर्थाने स्पष्ट केले. याच अधिनियमाच्या कलम १८९ प्रमाणे शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे, आणि घाटरस्ते त्यात येतात.