हिजरी सन

मुहंमद पैगंबरांनी मक्केहून यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदीनेला केलेल्या स्थलांतरापासून (हिजरत, इ. स. ६२२) मोजली जाणारी निव्वळ चांद्र कालगणना. हिजरत झाली त्या दिवशीच हा सन सुरू झाला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

मक्केत कुरैश या तिथल्या प्रबळ टोळीचा विरोध वाढत गेला आणि ६१९ मध्ये पत्नी खदीजा व पाठीराखे चुलते अबू तालिब यांचे निधन झाले. पैगंबरांचा तिथला आधारच तुटला. यस्रिबच्या लोकांनी मक्केजवळच्या अकबा येथे ६२१ व ६२२ मध्ये त्यांच्याशी निष्ठेची शपथ घेतली. अनुयायी थोडेथोडे करून तिकडे गेले. पैगंबर आपले सोबती अबू बक्र यांच्यासह शेवटी निघाले. यस्रिब उत्तरेला, पण ते आधी दक्षिणेकडील सौर डोंगराच्या गुहेत तीन रात्री दडून राहिले आणि नंतर वाटाड्याबरोबर आडवाटेने गेले. यस्रिबच्या वेशीवरील कुबा येथे ते रबिलावल या तिसऱ्या महिन्यात पोहोचले. वर्षारंभाचा मोहरम त्याच्या दोन महिने आधीच सुरू झाला होता.

सन ठरवला तो दुसरे खलिफा उमर यांनी, हिजरतीनंतर सोळा-सतरा वर्षांनी. बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अल्-अशअरी यांनी तक्रार केली होती की, खलिफांकडून येणाऱ्या पत्रांवर तारीख नसते. पैगंबरांचा जन्म, कुराणाचे पहिले प्रकटीकरण, हिजरत आणि पैगंबरांचे निधन असे पर्याय पुढे होते. पहिल्या दोहोंच्या तारखांवर एकमत नव्हते. हिजरतीचे वर्ष सर्वांना ठाऊक होते. महिन्यांचा क्रम मात्र प्रचलित होता तोच ठेवून मोहरम पहिला धरला. त्यामुळे १ मोहरम १ म्हणजे जुन्या (ज्युलियन) पद्धतीची १६ जुलै ६२२, शुक्रवार. ही तारीख मागे मोजत जाऊन काढलेली आहे, हे विसरू नये.

त्यात एक पेच आहे. इस्लामपूर्व अरबांत ‘नसी’ची प्रथा होती. काहींच्या मते तो अधिक मासासारखा जादा महिना, तर काहींच्या मते युद्धबंदीचा पवित्र महिना पुढे ढकलण्याची युक्ती. कुराणाने (९:३७) ती निषिद्ध ठरवली व पैगंबरांनी हि. स. १० च्या निरोपाच्या हजयात्रेत वर्ष बारा महिन्यांचेच असल्याचे जाहीर केले. त्याआधीच्या तारखा म्हणून जपूनच घ्याव्यात. परंपरा कुब्याचे आगमन सोमवारी, १२ रबिलावलला सांगते. गणिताने ती तिथी शुक्रवारी (२४ सप्टेंबर) पडते. म्हणून अनेक अभ्यासक कुब्याचे आगमन सोमवार, २० सप्टेंबरला धरतात आणि शुक्रवारी मदीनाप्रवेश. निधनाच्या तारखेत (१२ रबिलावल ११, ८ जून ६३२, सोमवार) गणित फक्त एका दिवसाने चुकते. एवढा फरक चंद्रदर्शनात चालायचाच.

चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असल्याने महिने २९ किंवा ३० दिवसांचे असतात व वर्ष ३५४ दिवसांचे. उरलेला सुमारे ०.३७ दिवस तीस वर्षांत ११ दिवस होतो. म्हणून कोष्टकी पद्धतीत तीसपैकी ११ वर्षांत जिल्हेज या शेवटच्या महिन्याला एक दिवस वाढवतात. वर्षाला ३० ने भागून बाकी २, ५, ७, १०, १३, १६, १८, २१, २४, २६ किंवा २९ उरली की ते वर्ष ३५५ दिवसांचे. १४४७ ला बाकी ७, म्हणून ते वाढीव. धर्मकार्यासाठी मात्र बहुतेक ठिकाणी चंद्रकोर प्रत्यक्ष दिसावी लागते, त्यामुळे ईद एका देशात आज तर दुसऱ्यात उद्या.

दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. गुरुवारला ‘जुमेरात’ म्हणतात त्याचे कारण हेच: त्या संध्याकाळपासून जुम्म्याची रात्र लागते. रात्री घडलेल्या घटनेची तारीख बदलून घेताना चूक होते ती इथेच.

इसवी सनाचा अंदाज काढायचा तर हिजरी वर्षातून त्याचा तेहतिसावा भाग वजा करून ६२२ मिळवावे. १००० मधून ३०.३ गेले, उरले ९६९.७, अधिक ६२२ म्हणजे १५९१.७. प्रत्यक्षात १००० ची सुरुवात नव्या (ग्रेगोरियन) पद्धतीच्या १९ ऑक्टोबर १५९१ ला झाली. ३३ हिजरी वर्षे म्हणजे ढोबळमानाने ३२ सौर वर्षे.

मराठी दप्तरे वाचणाऱ्याची खरी अडचण वेगळीच. तिथे दिवस-महिना हिजरी (‘छ ७ रजब’, यातला छ म्हणजे चंद्र) आणि वर्ष सुहूर. सुहूर सनाचे वर्ष सौर, मृगापासून सुरू होणारे. आकडे अरबी शब्दांत. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे १०७५. त्यात ५९९ मिळवून (१ जानेवारी ते मृग या काळातली तारीख असल्यास ६००) १६७४-७५. हाच आकडा हिजरी समजला तर १६६४ येते, दहा वर्षांची चूक. शिवाय मृगसाल चांद्रवर्षापेक्षा अकरा दिवसांनी मोठे. त्यामुळे सालाच्या पहिल्या व शेवटच्या दिवसांतली चंद्रतारीख एकाच सुहूर वर्षात दोनदा येते. अशा वेळी पत्रात वार किंवा तिथी दिलेली असेल तरच नक्की तारीख लागते.