आमच्याकडे जेवायला येताय? मग आधी प्यायचं काय ते ठरवू

आमचं पर्शियन हॉटेल छोटंच आहे, टेबलं मोजकी, आणि पुण्यात इराणी म्हटलं की बनमस्का आणि दुधाचा कडक चहाच आठवतो, त्यामुळे बरेच जण बसल्या बसल्या तोच मागतात. तो चहा आमच्याकडे नाही. तो इराण्यांनी इकडे मुंबई-पुण्यात आल्यावर सुरू केलेला, इराणमध्ये सहसा चहात दूध घालत नाहीत. आमचा चहा कोरा, समोवारवरचा (चहाचं पाणी तापवायचं धातूचं भांडं), छोट्या काचेच्या ग्लासात, साखरेचा खडा दातात धरायचा आणि वरून चहाचे घोट घ्यायचे. केशर घातलेली खडीसाखर, म्हणजे नबात, हवी असेल तर सांगा, ती ग्लासातच ढवळायची.

कोल्ड्रिंक आम्ही मुद्दाम ठेवलेलं नाही. चेलो कबाबवर (भात आणि कबाब) कोला प्यायला की केशराचा वास, सुमाक या मसाल्याचा आंबटपणा सगळं त्या गोडाखाली दबतं, आणि ते आम्हाला खरंच बघवत नाही. त्याऐवजी दूग घ्या. दही, पाणी, मीठ, वाळवलेला पुदिना, आपल्या ताकाच्या जवळचंच, पण आम्ही सोडा घालून फसफसणारं देतो. तेहरानजवळ डोंगरात आब अली गाव आहे, तिथल्या झऱ्याच्या पाण्याचं असं दूग सगळ्या इराणमध्ये माहितीये. एक सांगून ठेवतो, कबाब, भात आणि वर मोठा ग्लास दूग झालं की झोप येते, इराणी लोकही हेच म्हणतात, तेव्हा दुपारी परत ऑफिसला जायचं असेल तर हाफ ग्लास घ्या.

सगळ्यात जास्त प्रश्न येतात सेकंजबीनवर, कारण आम्ही सांगतो की त्यात व्हिनेगर आहे आणि लोक मेनू खाली ठेवतात. प्लीज ठेवू नका! साखरेचा पाक, व्हिनेगर आणि ताजा पुदिना एकत्र उकळून सिरप करतात, मग थंड पाणी, बर्फ आणि किसलेली काकडी. पहिला घोट आंबट-गोड लागतो, दुसऱ्याला अंगात गारवा उतरतो. युनानी वैद्यकातही हे पूर्वीपासून आहे. नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, तेराव्या दिवशी इराणी लोक घराबाहेर पिकनिकला जातात तेव्हा लेट्यूसची पानं ह्याच सिरपमध्ये बुडवून खातात, मार्च-एप्रिलमध्ये आलात तर आम्हीही तसं देतो.

खाकशीर म्हणजे मोहरीच्या कुळातल्या एका रोपाचं बारीक लालसर बी, सरबतात तळाला बसतं, म्हणून चमच्याने ढवळत ढवळतच प्यायचं. गुलाबाच्या सरबताचं गुलाबपाणी इराणमधल्या काशान शहराजवळच्या कमसर गावचं, तिथे साधारण मे महिन्यात पहाटे फुलं तोडून तांब्याच्या भांड्यात अर्क काढतात. बिदमेश्क हा एका विलो झाडाच्या फुलोऱ्याचा अर्क, वास फार नाजूक, आधी वास घेऊन बघा, नाही आवडला तर बदलून देऊ.

गोलगावजबान या फुलांचा काढा जेवणानंतरच मागवा. जांभळ्या रंगाचा येतो, त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत गुलाबी होतो, ते बघून मुलंही मागतात. पण तो मुलांसाठी नाही, आणि गरोदर असाल किंवा लिव्हरचा त्रास असेल तरी घेऊ नका.

अजून एक, कशाबरोबर काय हे आम्हाला विचारा. इराणी घरात उष्ण-थंड आपल्यासारखंच पाळतात. अक्रोड उष्ण म्हणून फेसेनजानमध्ये (अक्रोडाचा दाट रस्सा) डाळिंबाचा आंबट रस येतो, आणि मासे, दही दोन्ही थंड म्हणून माशांबरोबर दूग आम्ही स्वतःहून सुचवत नाही, तरी तुम्हाला हवंच असेल तर देऊ.

शाकाहारी असाल तर कश्क-ए-बादेमजान (वांगं, वर कश्क, म्हणजे आटवलेलं आंबट दही), अदस पोलो (मसूर घातलेला भात), आणि भाताची खरपुडी, ताहदिग, ती मात्र रोज थोडीच निघते, लवकर या. शेवटी शिराझी फालूदा घ्यायचा असेल तर दूध-आइस्क्रीमची अपेक्षा ठेवू नका, त्यात गोठवलेल्या बारीक शेवया, गुलाबपाणी आणि लिंबू असतं.

दारू मिळत नाही, बाहेरून आणलेलीही चालत नाही. शनिवार-रविवार चारपेक्षा जास्त लोक येणार असाल तर आधी फोन करा, आणि कुठलंही सरबत चाखून बघायचं असेल तर छोटा ग्लास मागा, त्याचे पैसे घेत नाही.