युनिकोड नावाचा फॉन्ट कुठे मिळेल?

‘‘अगं, तुझ्याकडे तो युनिकोड नावाचा फॉन्ट आहे का? असला तर व्हॉट्सॲपवर टाक.’’ धाकट्या काकांचा फोन. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत वीसेक वर्षांपूर्वी छापला होता. आता त्याची नवी आवृत्ती काढायची काकांनी मनावर घेतलंय. छपाईच्या वेळी डीटीपीवाल्याने दिलेली सीडी कपाटात सापडली, कुणीतरी त्यातली वर्डची फाइल मोबाइलवर पाठवली आणि काकांनी ती उघडली, तर मराठीचं अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कमल आत्याच्या जागी डी-ई-वाय. काकांचं निदान व्हायरस. शेजारच्यांचं निदान असं की फॉन्ट नाही म्हणून असं होतं, ‘युनिकोड टाका’.

व्हायरस नव्हता. फॉन्ट नव्हता, हे बरोबर. पण युनिकोड ‘टाकून’ काही होणार नव्हतं, कारण युनिकोड हा फॉन्टच नाही, ती अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत आहे. ‘युनिकोड फॉन्ट’ हा शब्द इतका रुळलाय की मीही बोलताना वापरते. गोंधळ मात्र त्यातूनच सुरू होतो.

आधी जुन्या फॉन्टचं बघू. काकांची फाइल कृतिदेव ०१० मधली निघाली. हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी काय केलं? संगणकाला त्या काळी रोमन अक्षरांचीच ओळख होती, म्हणून डी या अक्षराच्या घरात त्यांनी ‘क’चं चित्र बसवलं, ई-च्या घरात ‘म’चं, वाय-च्या घरात ‘ल’चं. टायपिस्टने डी-ई-वाय या कळा दाबल्या की पडद्यावर ‘कमल’ उमटायचं. पण फाइलमध्ये साठवलेलं असायचं डी-ई-वाय. दशावतारात सोंग उतरवलं की आतला गावकरी दिसतो, तसं फॉन्ट काढला की आतलं इंग्रजी दिसतं. काकांच्या फोनमध्ये कृतिदेव नव्हता, म्हणजे मुखवटा नव्हता. फाइल जशी होती तशी दिसली, एवढंच.

युनिकोडमध्ये उलटं आहे. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा ०९१५, ‘ळ’चा ०९३३. देवनागरीला ०९०० पासून १२८ घरांची वेगळी पट्टी दिलेली आहे, ती १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच. फाइलमध्ये साठवला जातो तो हा क्रमांक. फॉन्टचं काम फक्त त्या क्रमांकाला आकार द्यायचं. मंगल लावा, कोकिळा लावा, मुक्त लावा, ‘क’ हा ‘क’च राहतो, अंगातला सदरा तेवढा बदलतो. हा मंगल विंडोज २००० बरोबर आला आणि तो सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

तेव्हा तुलना करायची ती ‘हा फॉन्ट की तो फॉन्ट’ अशी नाही. मराठी फॉन्टमध्ये राहते की मजकुरात, हा खरा प्रश्न आहे.

यानं काय फरक पडतो, ते यादीला क्रम लावताना लख्ख दिसतं. एक्सेलमध्ये कृतिदेवात पाच नावं लिहा: कमल, नयन, भारत, मनोज, रमेश. आता त्यांना अकारविल्हे लावायला सांगा. क्रम येईल तो असा: कमल, मनोज, भारत, रमेश, नयन. कारण एक्सेलला दिसतात ती आतली पहिली अक्षरं, म्हणजे डी, ई, एच, जे, यू. त्याच्या दृष्टीने त्याने अगदी चोख काम केलं. सोसायटीच्या सभासदांची, नाहीतर शाळेच्या हजेरीची यादी अशी विस्कटली की लोक एक्सेलला नावं ठेवतात. शोधताना तेच. आज तुम्ही शोधाच्या चौकटीत ‘कमल’ टाइप करता ते युनिकोडमध्ये, फाइलमध्ये आहे डी-ई-वाय, उत्तर येतं ‘सापडले नाही’. पाचशे पानांच्या कुलवृत्तांतात स्वतःचे पणजोबा शोधता येत नसतील, तर ती फाइल म्हणजे कागदाचा फोटोच म्हणायचा.

पीडीएफ इथे हमखास फसवते. तिच्या पोटात फॉन्ट भरून पाठवता येतो, त्यामुळे जुन्या फॉन्टमधली पीडीएफ कुठेही सुरेख मराठीत दिसते. लोकांना वाटतं, झालं काम. त्यातली एक ओळ उचलून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा, लगेच सोंग उतरतं. (युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमधूनही ओळ उचलताना कधीकधी काना-मात्रा हलतात, पण तो पीडीएफचा स्वभाव. मूळ फाइल शाबूत असते.)

समोरची फाइल कुठल्या जातीची, हे दहा सेकंदांत कळतं. एक शब्द निवडा आणि त्याला एरियल फॉन्ट लावा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड, इंग्रजी कचरा झाला तर जुना फॉन्ट. मग कंट्रोल-झेड दाबून पूर्ववत करा. जुना असेल तर कुठला, तेही लगेच बघून ठेवा. शब्दावर क्लिक केलं की वर्ड वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दाखवतो, तो फॉन्ट तुमच्या संगणकात नसला तरी. हे नाव महत्त्वाचं, कारण कृतिदेवातला डी ‘क’ आहे म्हणून शिवाजी किंवा आकृती या दुसऱ्या जुन्या फॉन्टांतलाही ‘क’च असेल असं नाही. प्रत्येकाची घरं वेगळी. चुकीचं नाव देऊन रूपांतर केलंत, तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा होतो.

आता रूपांतर. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी साधनं मोफत मिळतात, पण ती डोळे मिटून वापरायची नाहीत. का, ते एका शब्दात दाखवते: ‘दिन’. जुन्या पद्धतीत टायपिस्ट डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने टाइप करायचा: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग द, मग न. कृतिदेवात एफ-एन-यू. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो: द, मग वेलांटी, मग न. रफाराचं याहून उलट. ‘कर्म’मध्ये रफार कृतिदेवात ‘म’ नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो ‘म’च्या आधी असतो, कारण आपण र्‌ आधी उच्चारतो. म्हणजे रूपांतर करणाऱ्या साधनाला अक्षरं नुसती बदलायची नसतात, उचलून पुढे-मागे ठेवायची असतात. साधा शब्द जमतो, पण वेलांटी, जोडाक्षर आणि रफार एकत्र आले की त्याचा पाय घसरतो. मुद्रितं तपासताना मी पहिल्यांदा तिथेच बघते.

दुसरी घसरगुंडी इंग्रजी शब्दांची. काकांच्या फाइलमध्ये पदव्या इंग्रजी लिपीत, वेगळ्या इंग्रजी फॉन्टमध्ये होत्या. सगळा मजकूर साधनात ओतला तेव्हा कुठला भाग सोंगाचा आणि कुठला खरा इंग्रजी, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. बी.ई.चं झालं ‘ठण्म्ण्’. घराण्यातले पहिले इंजिनिअर, आणि पदवी ठण्म्ण्! काका दोन दिवस चिडलेले होते. यावर उपाय आहे: वर्डच्या प्रगत शोधात फॉन्टच्या नावावरून मजकूर शोधता येतो. इंग्रजी फॉन्टमधले तुकडे आधी शोधून त्यांना रंग द्या किंवा त्यांची यादी करून ठेवा, आणि मगच रूपांतर करा. मूळ फाइलची प्रत वेगळी जपायची, हे सांगायला नकोच. आणि मृत्युपत्र, खरेदीखत असली कागदपत्रं अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. फॉन्टचं नावच सापडत नसेल, तर छापील पान स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. ते चित्रावरून मराठी अक्षरं ओळखून युनिकोडमध्ये देतं. छापील पान स्वच्छ असेल तर निकाल बरा येतो.

फॉन्ट आणि युनिकोड या दोघांत एक तिसराही उगाच ओढला जातो, तो म्हणजे कीबोर्ड. ‘मला युनिकोड जमत नाही, माझा हात टायपिंगचा आहे’ असं म्हणणारे बरेच भेटतात. कुठली कळ दाबायची हे ठरवतो तो कीबोर्डचा आराखडा, आणि त्याचा युनिकोडशी झगडा नाही. इन्स्क्रिप्ट या सरकारी प्रमाण मांडणीने लिहा, उच्चारानुसार लिहा, टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीने लिहा, युनिकोडसाठी तिन्ही मिळतात. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून अदलाबदल करा. बोटांची जुनी सवय मोडायची काही गरज नाही.

मराठी ‘दिसत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, नक्की काय दिसतंय? चौकोन दिसत असतील तर युनिकोड ठीक आहे, त्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ए पुन्हापुन्हा दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी, थेट उघडली की हा प्रकार होतो. ती डेटा मेनूतून आत घ्या आणि यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) निवडा. ओळीने प्रश्नचिन्हंच असतील तर मात्र वाईट बातमी. कुणीतरी फाइल जुन्या पद्धतीने सेव्ह केली आणि अक्षरं कायमची गेली. मूळ प्रत शोधा.

युनिकोड आलं म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. त्याचे स्वतःचे छुपे खड्डे आहेत. ‘दुःख’मधला विसर्ग हे एक अक्षर आहे, पण निम्मे लोक तिथे इंग्रजी कोलन देतात. दिसायला जुळे भाऊ, शोधताना अनोळखी. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी आपण अ-वर चंद्र चढवायचो, आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच करतात. त्यामुळे ‘ॲप’ शोधलं की जुन्या लेखातलं ‘अॅप’ निसटू शकतं. ‘ऱ्हास’मधला डोळ्यावरच्या पापणीसारखा र तर दोन-तीन वेगवेगळ्या मार्गांनी लिहिला जातो. काकांच्या फाइलमध्ये ‘निःसंतान’ शोधलं, एकही सापडलं नाही. कोलन देऊन शोधलं, तर ढीगभर. शेवटी ‘बदला’च्या चौकटीत सगळे कोलनवाले शब्द एका फटक्यात सरळ केले.

आणखी एक, खिशाशी संबंधित. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, मराठीचं एक अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना-मात्रासुद्धा मोजल्या जातात. गणेशोत्सवाची वर्गणी मागणारा संदेश दोन-तीन एसएमएसचा का धरला जातो, ते यातून कळेल.

मग जुने फॉन्ट अजून चालतात कसे? आळस, हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पटत नाही. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड मराठी कळतच नाही, आणि त्याच्यावर हात बसलेली पिढी अजून काम करतेय. शिवाय जुन्या संचांत लग्नपत्रिकेला शोभणारी वळणदार अक्षरं भरपूर होती. युनिकोडमध्ये तशी विविधता यायला वेळ लागला. आता ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत अशांसाठी राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मोफत मिळतो. आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे जुनं, असंही सरसकट म्हणू नका. त्याच्या नव्या आवृत्त्यांमधून युनिकोडही लिहिता येतं. नाव पाहून ठरवण्यापेक्षा वरची एरियलची चाचणी करा.

काकांचं काम मार्गी लागलं. गेल्या आठवड्यात त्यांनी प्रकाशनाचा फ्लेक्स करायला टाकला आणि दुकानातून फोन आला, ‘‘तुमचा युनिकोड आमच्याकडे चालत नाही.’’ काकांनी फोन माझ्याकडे दिला. त्या मुलाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी होती, जोडाक्षरं तुटून येत होती. मी घरी मजकूर मांडला, अक्षरांचं चित्ररेषेत रूपांतर केलं आणि पीडीएफ पाठवली. अशा पीडीएफला दुकानात फॉन्टच लागत नाही. मग काकांना म्हटलं, ‘‘ही फाइल फक्त फ्लेक्सपुरती. नावं शोधायला तुमची वर्डचीच उघडा.’’

‘‘म्हणजे ह्यात युनिकोड नाही?’’ काकांनी विचारलं.

‘‘ह्यात अक्षरंच नाहीत काका, नुसत्या रेघा आहेत.’’