वेली गुलाब, इंदूरच्या घरबागेतील

वेली गुलाब : (कुल – रोझेसी, वंश – रोझा). लांब काड्या टाकत वाढणाऱ्या आणि आधाराला बांधून भिंतीवर, कमानीवर, मांडवावर किंवा गॅलरीच्या कठड्यावर नेता येणाऱ्या गुलाबांचा गट. झुडपी गुलाब साधारण कमरेएवढा राहतो. वेली गुलाबाच्या काड्या जातीप्रमाणे ८ ते २० फूट जातात. कारल्याला असतात तसे तणावे याला नसतात आणि तो आधाराभोवती वेटोळेही घालत नाही. रानात मागे वळलेल्या काट्यांच्या जोरावर शेजारच्या झुडपांत अडकत तो वर जातो. घरी हे अडकवण्याचे काम माणसाला करावे लागते, आणि या गुलाबाची निम्मी निगा म्हणजे त्याची बांधणी. खत-पाणी व्यवस्थित मिळूनही वर्षानुवर्षे फक्त शेंड्याला चार फुले देणारा वेल बहुधा सरळ वर चढवलेला असतो.

इंदूर मालवा पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस, हिवाळ्यात रात्री १० अंशांच्या आसपास गारवा, मे महिन्यात ४० अंशांपलीकडे ऊन, पण रात्री पुष्कळ सुसह्य. ‘शब-ए-मालवा’ म्हणून ज्या रात्रींचे कौतुक होते त्या गुलाबालाही मानवतात. होळकरांच्या लालबाग राजवाड्याच्या (बांधकाम १८८६ ते १९२१) परिसरातील गुलाबबाग शहराच्या ओळखीचा भाग आहे. १८१८ मध्ये इंदूर होळकरांची राजधानी झाले. रामबाग, नारायणबागेतली जुनी मराठी घरे काय किंवा राजेंद्रनगर, सुदामानगरातले नंतरचे बंगले काय, फाटकावरची कमान ही वेली गुलाबाची हक्काची जागा.

जाती : ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला मोठ्या फुलांचा, जाड काड्यांचा, वर्षातून अनेकदा फुलणारा; पिवळा ‘गोल्डन शॉवर्स’ (१९५६) आणि भारतीय पैदाशीचा ‘दिल्ली व्हाइट पर्ल’ यातले. दुसरा बारीक, लवचिक काड्यांचा, लहान फुलांचे घोस देणारा. यातले बरेच वर्षातून एकदाच, पण अंगभर फुलतात. मूळचा चीनचा, जवळजवळ बिनकाट्यांचा बँक्सिया गुलाबही एकदाच फुलणारा. तिसरा गट झुडपी गुलाबाच्या एखाद्या फांदीत आपोआप बदल होऊन निघालेल्या वेलांचा. त्यांच्या नावामागे ‘क्लाइंबिंग’ लागते, उदा. ‘क्लाइंबिंग क्रिम्सन ग्लोरी’. असा आपोआप झालेला बदल आणखी एका रीतीने उपयोगी पडतो : एकदाच फुलणाऱ्या ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या वेलापासून पुन:पुन्हा फुलणारा ‘न्यू डॉन’ मिळाला आणि १९३१ मध्ये अमेरिकेतले वनस्पतीसाठीचे पहिलेच पेटंट त्याला दिले गेले.

उष्ण प्रदेशासाठी टी-नॉयझेट घराण्यातले (टी आणि नॉयझेट या जुन्या गुलाबगटांच्या संकरातून आलेले) वेल सर्वांत भरवशाचे. टी गुलाबांच्या पूर्वजांत रोझा जायगँटिया ही रानटी जात आहे. मणिपूरच्या डोंगरांत ती उंच झाडांवर चढलेली आढळते. १८६४ चा फ्रेंच ‘मारेशाल नील’ याच घराण्यातला : फिकट पिवळा, दाट पाकळ्यांचा, सुगंधी. त्याचा देठ कमजोर असल्याने फूल खाली मान घालते. फुलदाणीत हा दोष वाटतो, पण डोक्यावरच्या मांडवात हेच फूल खालून जाणाऱ्याकडे तोंड करून असते. मांडव असेल तर हा वेल जरूर लावावा.

जमीन : मालव्याची काळी माती सुपीक, पण चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि गुलाबाच्या मुळांना पाण्यात उभे राहणे अजिबात चालत नाही. सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे दोन-अडीच फूट खोल खड्डा, तळाला विटांचे तुकडे आणि वर भुसभुशीत खतमाती. निचऱ्याच्या जमिनीत हे ठीक. काळ्या मातीत मात्र असा खड्डा पावसाळ्यात हौद होतो, कारण आजूबाजूचे पाणी झिरपून त्यातच साठते. त्यापेक्षा मातीत मुरूम, जाड वाळू आणि कुजलेले खत मिसळून वाफा अंगणापेक्षा वीतभर उंच करावा. रोप भिंतीपासून दीड फूट दूर लावावे आणि डोळा भरलेली गाठ (जिथे हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, दुसऱ्या गुलाबाच्या मुळावर म्हणजे खुंटावर बसवलेला असतो ती जागा) मातीच्या वर ठेवावी. गाठीच्या खालून येणारे फुटवे खुंटाचे असतात. ते कात्रीने न कापता माती बाजूला करून मुळाशी ओढून काढावेत, म्हणजे पुन्हा फुटत नाहीत.

भिंतीलगतची माती आणखी एका कारणाने वाईट असते. बांधकामाचा चुना-सिमेंट तिथेच पुरलेला असतो आणि काळी माती आधीच अल्कधर्मी. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही असे समजावे. अशा मातीत नुसते हिराकस (फेरस सल्फेट) टाकले तर ते लवकरच निरुपयोगी होते. चिलेटेड लोह (मातीत अडकून न पडता मुळांना घेता येईल अशा रूपातले) द्यावे किंवा पानांवर फवारावे. कायमचा इलाज म्हणजे डबर काढून टाकणे आणि भरपूर कंपोस्ट.

कंपोस्टच्या बाबतीत इंदूरच्या माणसाला दूर जायला नको. १९२४ मध्ये येथे सुरू झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’त ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साथीने जी खतपद्धती बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ढीग तीनदा उलटायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. गुलाबासाठी ते करताना राखेचा हात आखडता ठेवावा, ती अल्कता वाढवते.

बांधणी : पहिली दोन वर्षे मुळीच छाटणी करू नये, मेलेली काडी तेवढी काढावी. बुंध्यातून निघालेल्या चार ते सहा जोमदार काड्या निवडून पंख्यासारख्या पसराव्यात, शक्य तितक्या आडव्या. कारण वनस्पतीच्या वाढीच्या रीतीत आहे. काडीचा शेंडा ऑक्सिन हे द्रव्य तयार करतो, ते खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना दबवून ठेवते. काडी उभी असली की फक्त वरचे दोन-तीन डोळे फुटतात. तीच काडी आडवी केली की हा दाब सैल पडतो आणि ओळीने डोळे जागे होतात. काडी जवळून निरखून पाहिली तर आठवड्या-दोन आठवड्यांत पानाच्या बेचक्यातला लालसर ठिपका फुगून तांबूस कोंब झालेला दिसतो. असा प्रत्येक कोंब वीतभर वाढून फूल देतो. खांबावर वेल न्यायचा असेल तर काडी सरळ न बांधता खांबाभोवती तिरकी गुंडाळत न्यावी.

इंदुरात याला योग्य काळ भाद्रपद-आश्विन. पावसाळ्यात टाकलेल्या लांब काड्या तेव्हा पूर्ण वाढलेल्या पण वाकण्याजोग्या असतात. पाणी घातल्या-घातल्या सकाळी वाकवली तर भरलेली काडी कडकन मोडते. दुपारनंतर, थोडी थोडी करत, दोन-तीन दिवसांत वाकवावी. बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या घ्याव्यात. इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखा पीळ द्यावा : पट्टीचा एक फेरा आधाराला, मधे वळसा, दुसरा फेरा काडीला, म्हणजे काडी आधारावर घासत नाही. तार वापरू नये, ती सालीत रुतते. खिडकीच्या गजांमधून काडी आतबाहेर ओवण्याचा मोह टाळावा. पुढे ती जाड झाली की कापल्याशिवाय निघत नाही. भिंतीवर आडव्या तारा दीड-दोन वितींच्या अंतराने आणि भिंतीपासून चार बोटे पुढे ओढाव्यात, मागून वारा खेळला पाहिजे. भिंत पूर्वेची उत्तम. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये रात्रीपर्यंत तापलेली राहते. लोखंडी कमानीला गोणपाट गुंडाळले नाही तर त्याच दिवसांत काडी चटके बसून एका बाजूने काळी पडते.

छाटणी : दसरा-दिवाळीच्या सुमारास बागेतले झुडपी गुलाब गुडघ्याएवढे छाटले जातात. त्याच दिवशी, त्याच सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) वेलही तेवढाच छाटून टाकणे हे वेली गुलाबावरचे सर्वांत मोठे संकट. वर्षाचा बहर जातोच, शिवाय ‘क्लाइंबिंग’ जातीचा वेल पुन्हा झुडूप होऊन बसू शकतो. माळीदादांना आधीच सांगून ठेवावे. मुख्य काड्या तशाच ठेवून बाजूच्या फुललेल्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणाव्यात आणि दरवर्षी एखाददुसरी जुनी, राखाडी सालीची काडी तळातून काढावी. कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. सहा ते आठ आठवड्यांत बहर येतो. एकदाच फुलणाऱ्या जाती गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतात. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावरच.

रोग व किडी : पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके, हिवाळ्यात भुरी, थंडी सरताना मावा, उन्हाळ्यात लाल कोळी व फुलकिडे. सर्वांत घातक शेंडेमर. काडी टोकाकडून काळी पडत खाली येते, ती निरोगी हिरव्या भागापर्यंत कापून जाळावी. पानाच्या कडेला कोणी गोल कातरल्यासारखे तुकडे नेले असतील तर ते पानकातऱ्या मधमाशीचे काम असते. फवारणी करू नये, ही माशी परागवाहक आहे.

पाणी : हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड, कडक उन्हाळ्यात रोज, तेही आळ्यात आणि सकाळी. नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये इंदूरला आले. ज्या घरी अजून बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर भागवावे लागते तिथे पावसाचे साठवलेले पाणी गुलाबासाठी राखून ठेवावे.

अभिवृद्धी : रोपवाटिकेतली रोपे डोळा भरून केलेली असतात. बारीक काड्यांच्या जाती घरच्या घरी दाब कलमाने सहज होतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला लांब काडीच्या खालच्या बाजूला तिरका छेद देऊन ती मातीत दाबावी, वर वीट ठेवावी. दिवाळीपर्यंत मुळे धरतात, मग मूळ वेलापासून तोडावी. अशा रोपाला खुंट नसल्याने बुंध्यातून येणारी प्रत्येक काडी त्याच जातीची असते आणि ठेवता येते.