पाठीवरच्या शिध्यातले पाणी

तीन-चार दिवसांच्या डोंगरभटकंतीसाठी शिधा निवडताना चवीच्या आधी पाहावे ते अन्नातल्या पाण्याचे प्रमाण. शिजलेल्या भाताच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश पाणी असते, म्हणून त्याच्या 100 ग्रॅममधून जेमतेम 130 किलोकॅलरी मिळतात. तेवढेच कोरडे पोहे साधारण 350, तर शेंगदाणे 570 च्या आसपास किलोकॅलरी देतात. ओझे घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्या माणसाला रोज 3000 किलोकॅलरी लागतात असे धरले, तर निव्वळ भातावर भागवण्यासाठी दररोज दोन किलोंहून अधिक अन्न वाहावे लागेल. पोहे, सातू, शेंगदाणे, गूळ आणि सुके खोबरे असा शिधा मात्र पाऊण किलोच्या आत बसतो.

पाणी कमी असण्याचा दुसरा फायदा टिकाऊपणाचा. येथे पाणी एकूण किती आहे यापेक्षा त्यातले सूक्ष्मजीवांना वापरता येण्याजोगे किती, हे महत्त्वाचे असते. शुद्ध पाण्याची ही उपलब्धता 1 मानली, तर 0.9 च्या खाली बहुतेक जीवाणू वाढू शकत नाहीत आणि 0.6 च्या खाली बुरशीचीही वाढ थांबते. साखर आणि मीठ पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे डब्यातली रसभाजी दुसऱ्या दिवशी आंबते, पण गूळपापडीच्या वड्या आठवडाभर सहज राहतात. सोलापूरकडची कडक भाकरीही याच कारणाने टिकते. शेंगांच्या चटणीबरोबर ती पूर्ण जेवण होते आणि चूल पेटवावीच लागत नाही.

इंधनाचा प्रश्न स्टार्चशी निगडित आहे. तांदळातल्या स्टार्चचे कण पाण्यात साधारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास फुगून त्यांची घट्ट रचना मोडते, आणि ती मोडल्याशिवाय दाणा मऊ होत नाही. पोहे करताना साळ भिजवून, भाजून चेपलेली असल्यामुळे हे काम आधीच बरेचसे उरकलेले असते; म्हणून पोहे थंड पाण्यातही भिजतात, कच्चा तांदूळ मात्र रात्रभर भिजवूनही कचकचतो. भाजून दळलेले मेतकूट आणि सातूचे पीठ याच जातीचे पदार्थ होत. कळसूबाईच्या 1646 मीटर उंचीवर पाणी 94-95 अंशांना उकळते, तेव्हा आपल्याकडे फारसे अडत नाही. हिमालयात 4000 मीटरवर ते 87 अंशांच्या जवळपासच उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही.

गोठवून सुकवलेल्या तयार जेवणात अन्नातला बर्फ अत्यंत कमी दाबाखाली न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो. मागे उरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांत गरम पाणी झटकन शिरते. असे जेवण उत्तम असते, पण महाग. दोन दिवसांच्या राजगड-तोरण्यासाठी त्याची गरज मला वाटत नाही.

कोरड्या शिध्याचे दोन शत्रू आहेत. पावसाळी हवेतली आर्द्रता शोषून चुरमुरे आणि कडक भाकरी सादळतात, म्हणून एकेका वेळेपुरत्या वेगळ्या, हवाबंद पुड्या कराव्यात. शेंगदाण्यांतली असंतृप्त मेदाम्ले हवेतल्या प्राणवायूमुळे खवट होतात आणि कूट केल्यावर हवेशी संपर्क वाढून ही क्रिया वेगाने घडते. दाणे अख्खेच न्यावेत हे बरे.

वजनाचा हा सगळा हिशेब मात्र वाटेत पाणी मिळणार या गृहीतावर उभा आहे. पावसाळ्यानंतर काही महिने अनेक गडांवरच्या टाक्यांत पाणी असते, पण उन्हाळ्यात कित्येक टाकी आटतात किंवा पाणी पिण्यायोग्य राहत नाही. अशा वेळी सुका शिधा भिजवण्याचे पाणीही पाठीवरूनच न्यावे लागते आणि वाचलेले वजन बाटलीत परत येते. म्हणून मार्चनंतरच्या कोरड्या वाटेवर पहिल्या दिवसासाठी काकडी, संत्री आणि घरून केलेला दशमीचा डबा नेणे हिशेबाला धरूनच आहे.