विजेवरची गाडी सोलापुरात चार्ज कुठे करायची?

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले, तेव्हा २०२५ पर्यंत कोणत्या शहरात किती सार्वजनिक चार्जिंग केंद्रे उभी राहावीत याचे उद्दिष्टही त्यात दिले होते. मुंबई महानगराच्या वाट्याला १,५००, पुण्याच्या ५००, नागपूरच्या १५०, नाशिकच्या १००, तेव्हाच्या औरंगाबादच्या ७५, अमरावतीच्या ३० आणि सोलापूरच्या वाट्याला २० केंद्रे आली. सात शहरांच्या यादीत आपले शहर शेवटचे पाहून सोलापूरकराला वाईट वाटणे साहजिक आहे. मला मात्र त्या आकड्याआधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. केंद्रांची संख्या मोजून शहरातल्या किती माणसांना आपली गाडी खरोखर चार्ज करता येते हे कळते का? माझ्या मते कळत नाही, आणि ते का कळत नाही हे समजण्यासाठी आधी थोडे विजेकडे पाहावे लागेल.

बॅटरीत वीज साठते ती दिष्ट प्रवाहाच्या, म्हणजे डीसीच्या रूपात. महावितरणच्या तारांतून येणारी वीज असते प्रत्यावर्ती, म्हणजे एसी. त्यामुळे एसीचे डीसी कुठेतरी करावेच लागते आणि ते कुठे करायचे यावरून चार्जिंगचे दोन प्रकार पडतात. संथ चार्जिंगमध्ये हे काम गाडीतच बसवलेला चार्जर करतो. मोटारीत तो साधारण साडेतीन ते सात किलोवॅटचा असतो, कारण त्याहून मोठा बसवला तर गाडीचे वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. जलद चार्जिंगमध्ये रूपांतर करणारी यंत्रणा रस्त्याकडेच्या कपाटाएवढ्या यंत्रात असते आणि ते यंत्र डीसी थेट बॅटरीत सोडते. अशी यंत्रे ३०, ६०, १२० किलोवॅटची किंवा त्याहूनही मोठी असतात. घरगुती जोडणीचा मंजूर भार दोन-तीन किलोवॅट धरला, तर ६० किलोवॅटचे एकच यंत्र वीस-तीस घरांचा भार एकट्याने घेते. म्हणूनच ते बसवण्याआधी त्या भागातल्या रोहित्राची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासावी लागते आणि पुष्कळदा नवे रोहित्र बसवावे लागते. खर्च यंत्राच्या किमतीवर थांबत नाही, तो असा वाढत जातो.

हा खर्च कुठे योग्य ठरतो आणि कुठे वाया जातो, हे गाडी एका जागी किती वेळ उभी राहते त्यावर ठरते. सोलापुरात घरातून कारखान्यात, तिथून बाजारात आणि पुन्हा घरी अशी दिवसाकाठी पंचवीस-तीस किलोमीटर धावणारी स्कूटर घेऊ. किलोमीटरला ३० ते ३५ वॅट-तास या हिशेबाने ती दिवसभरात सुमारे एक युनिट, म्हणजे हजार वॅट-तास वीज वापरते. तिच्यासोबत मिळणारा साडेसातशे वॅटचा चार्जर साध्या प्लगमधून हे एक युनिट दीड तासात भरून देतो. आणि ही स्कूटर कामाच्या ठिकाणी आठ तास उभी असते, घराबाहेर रात्रभर उभी असते. तिला साठ किलोवॅटच्या यंत्राचा काहीच उपयोग नाही. तिला हवा आहे एक सुरक्षित, मीटर लावलेला साधा प्लग, ती उभी राहते तिथून हाताच्या अंतरावर. प्रवासी वाहतूक करणाऱ्या रिक्षेची गरज थोडी मोठी आहे. तिची बॅटरी सात ते नऊ युनिटांची असते, पण साडेतीन किलोवॅटच्या जोडणीवर तीही तीन तासांत भरत येते.

महामार्गावर हिशेब वेगळा असतो. सोलापूर ते पुणे हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. मध्यम आकाराच्या विद्युत मोटारीला महामार्गाच्या वेगाने शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा युनिटे लागतात. म्हणजे चाळीस युनिटांची बॅटरी पूर्ण भरून निघालेली मोटार पुण्याच्या वेशीपाशीच संपत येईल. वाटेत इंदापूर-भिगवणच्या आसपास वीसेक युनिटे घेणे भाग आहे. संथ चार्जरवर त्याला तीन तास लागतील, ६० किलोवॅटच्या यंत्रावर चहा-नाश्ता होईपर्यंत, पंचवीसेक मिनिटांत काम होईल. तिथे जलद यंत्राला पर्याय नाही. सोलापुरातून हैदराबादकडे, विजापूरकडे, तुळजापूरमार्गे मराठवाड्याकडे आणि सांगोला-मिरजेवरून कोल्हापूरकडे रस्ते फुटतात, शिवाय पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशा देवस्थानांकडे जाणाऱ्या भाविकांची वर्दळ वर्षभर असते. तरीही २०२१ च्या धोरणात चार्जिंगसाठी प्राधान्याने निवडलेले चार महामार्ग मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे आणि मुंबई-नागपूर हे होते. नंतर, एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या राज्य धोरणात महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आले. त्याआधीच केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर हे अंतर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी वीस किलोमीटर ठेवले आणि शहरांत २०३० पर्यंत दर एक किलोमीटर लांब-रुंद चौकोनात एक केंद्र असावे असे म्हटले.

यंत्र बसले म्हणजे वीज मिळेलच असे नाही. प्लग गाडीत खोचल्यावर लगेच वीज वाहू लागत नाही, त्याआधी गाडी आणि यंत्र यांच्यात एक संवाद होतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत वापरल्या जाणाऱ्या प्लगमध्ये जाड पिनांशिवाय दोन बारीक पिना असतात. त्यांपैकी एक केबल नीट बसली आहे की नाही आणि ती किती अँपिअर पेलू शकते हे सांगते. दुसरीवरून यंत्र सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा विद्युत संकेत पाठवते. या चालू-बंद चक्रातला किती टक्के वेळ संकेत चालू आहे, त्यावरून गाडीला जास्तीत जास्त किती प्रवाह घेता येईल ते कळते: पन्नास टक्के म्हणजे तीस अँपिअर. गाडी आपल्या बाजूने त्या संकेताचे व्होल्टेज खाली ओढून ‘मी तयार आहे’ असे कळवते. जलद चार्जिंगमध्ये याच तारेवरून पुढे संगणकी संदेशांची देवघेव होते. बॅटरीचे व्होल्टेज किती, तापमान किती, किती प्रवाह हवा, हे गाडी सांगते. यंत्र केबलचे इन्सुलेशन तपासते आणि त्यानंतरच मुख्य स्विच जोडला जातो. यातली एकही पायरी चुकली तर पडद्यावर त्रुटीचा संदेश येतो आणि गाडी तशीच उभी राहते. ही खबरदारी योग्यच आहे, कारण उघड्या पावसात शेकडो व्होल्टची केबल माणसाच्या हातात असते.

सोलापुरात या साखळीतला एक दुवा विशेष काळजीने सांभाळावा लागतो, आणि तो जमिनीखाली आहे. चार्जर सुरू होण्यापूर्वी अर्थिंग तपासतो. अर्थिंगची तार तुटलेली असेल, किंवा खड्ड्यातली माती कोरडी पडून तिचा विद्युत रोध वाढला असेल, तर चांगला चार्जर वीज द्यायलाच नकार देतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, पण उन्हाळ्यात वाळून भेगाळते. कोरड्या मातीतून वीज सहज वाहत नाही. जानेवारीत तपासणीत पास झालेला अर्थिंगचा खड्डा मेमध्ये नापास होऊ शकतो, हे इथला कोणताही अनुभवी वायरमन सांगेल. खड्ड्यात ठरावीक काळाने पाणी घालणे, ओल धरणारे मिश्रण भरणे आणि उन्हाळ्यापूर्वी रोध मोजून नोंद ठेवणे, ही कामे चार्जिंग केंद्राच्या देखभालीत महागड्या यंत्राइतकीच महत्त्वाची मानली गेली पाहिजेत.

उन्हाचे आणखी दोन परिणाम आहेत. मे महिन्यात आपला पारा चाळिशीच्या वर असतो, बरेचदा बेचाळीस-त्रेचाळीसला पोहोचतो, आणि तो सावलीतला असतो. डांबरावर तासभर धावून आलेल्या मोटारीची बॅटरी त्याहून गरम असते. लिथियम-आयन पेशींत जास्त तापमानाला नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून गाडीतली नियंत्रण प्रणाली आपणहून प्रवाह कमी मागते. दुसऱ्या बाजूला यंत्राच्या आतली रूपांतर करणारी एककेही तापतात, पंख्यांच्या जाळ्यांत धूळ बसली असेल तर अधिकच, आणि तीही आपली शक्ती उतरवतात. परिणाम असा की साठ किलोवॅटची पाटी लावलेल्या यंत्रातून दुपारी दोन वाजता प्रत्यक्षात बरीच कमी वीज मिळू शकते, आणि पंचवीस मिनिटांचे काम पाऊण तासावर जाते. केंद्रावर पत्र्याची किंवा सौर पट्ट्यांची शेड उभारणे ही आपल्याकडे तांत्रिक गरज आहे. तरीही ती ग्राहकाच्या सोयीसाठीची हौस समजली जाते आणि खर्च कापायची वेळ आली की पहिली तीच कापली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

यंत्रे बंद असण्याचा प्रश्न फक्त उष्ण प्रदेशांचा नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरातली ६५७ सार्वजनिक जलद जोडण्यांची पाहणी झाली. तीत ७२.५ टक्केच जोडण्या चालू आढळल्या. बाकीच्यांत कुठे पडदा बंद होता, कुठे पैसे भरण्याची यंत्रणा चालत नव्हती, कुठे प्लग तुटला होता, आणि जवळपास पाच टक्के ठिकाणी केबल इतकी आखूड होती की ती गाडीच्या तोंडापर्यंत पोहोचतच नव्हती. नकाशावर ही सगळी केंद्रे ‘उपलब्ध’ होती. ब्रिटनने २०२३ मध्ये नियम करून पन्नास किलोवॅट आणि त्यावरच्या यंत्रांचे जाळे वर्षभरात ९९ टक्के वेळ चालू असलेच पाहिजे असे बंधन घातले. अशा बंधनाची आपल्याला अधिक गरज आहे, कारण वीस केंद्रांच्या शहरात पाच बंद पडली तर शहराचा एक चतुर्थांश आधार जातो.

आता पुन्हा शहरात येऊ. माझ्या मते सोलापूरचा खरा प्रश्न पूर्व भागातल्या आणि गावठाणातल्या दाट वस्तीत आहे. जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्यावर स्वतःचा बंगला आणि पार्किंग असलेल्या माणसाला सार्वजनिक केंद्राची गरज क्वचितच पडते. तो रात्री घरच्या मीटरवर गाडी लावतो. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा, गाडी गल्लीत लावणारा यंत्रमाग कामगार किंवा रिक्षाचालक मात्र सार्वजनिक जोडणीवर पूर्णपणे अवलंबून असतो, आणि त्यालाच वीज महाग पडते. घरच्या विजेवर वस्तू व सेवा कर नाही, सार्वजनिक चार्जिंग ही सेवा मानली जात असल्यामुळे तिच्यावर १८ टक्के कर लागतो. केंद्रचालकाचा जागेचा, यंत्राचा आणि देखभालीचा खर्चही त्याच युनिटावर चढतो. वरच्या मजल्यावरून लोंबती वायर सोडून रस्त्यावरची स्कूटर चार्ज करण्याचा मोह त्यातूनच होतो. या वायरीला ना योग्य अर्थिंग असते ना स्वतंत्र ब्रेकर, आणि पहिल्या वळिवातच तिच्यातून जिवावर बेतू शकते.

या माणसासाठीचे तंत्रज्ञान आपल्या देशात तयार आहे. दुचाकी आणि तीनचाकींसाठी भिंतीवर बसवता येणारा, तीन किलोवॅटपर्यंतची वीज देणारा, ब्लूटूथवरून मोबाइलशी जोडला जाणारा एक साधा चार्जर कसा असावा याचे भारतीय मानक २०२१ मध्ये ठरले, आणि त्याची किंमत ३,५०० रुपयांच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट होते. त्यात एसीचे डीसी होत नाही, म्हणून तो स्वस्त आहे. तो वीज मोजतो, गळती झाली तर तोडतो आणि ज्याने वापरली त्याच्या नावावर हिशेब मांडतो. किराणा दुकानाच्या ओट्याला, पिठाच्या गिरणीबाहेर, कारखान्याच्या सायकल स्टँडवर, पथदिव्याच्या खांबाला तो बसू शकतो. लंडनमध्ये मोटारींसाठी पथदिव्यांच्या खांबांवर अशा जोडण्या मोठ्या संख्येने वापरात आहेत. एका जलद यंत्राच्या किमतीत असे शेकडो चार्जर येतील, आणि एक बंद पडला तर शेजारच्या गल्लीत दुसरा असेल.

कायदाही आडवा येत नाही. १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की बॅटरी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यामुळे त्यासाठी वितरणाचा परवाना लागत नाही. म्हणजे अशोक चौकातला दुकानदारही केंद्र चालवू शकतो. २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत बदल होऊन गृहसंकुलातल्या रहिवाशाला गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क मिळाला, आणि महानगरे सोडून इतर पालिका क्षेत्रांत नवी जोडणी देण्याची मुदत सात दिवसांवर आली. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सकाळी नऊ ते दुपारी चार या सौर तासांत चार्जिंग केंद्रांना पुरवल्या जाणाऱ्या विजेचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट असावा. सोलापूरसारख्या वर्षातला बहुतेक काळ लख्ख ऊन असणाऱ्या जिल्ह्यात, जिथे बहुसंख्य दुचाकी याच तासांत कारखान्यांच्या आणि कार्यालयांच्या आवारात उभ्या असतात, तिथे स्वस्त वीज आणि उभी गाडी यांची वेळ आपोआप जुळते. कमी आहेत त्या फक्त जोडण्या.

विद्युत वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एकूण १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंगसाठी राखून ठेवले गेले, आणि त्यातून देशभर चारचाकींसाठी २२,१०० तर दुचाकी-तीनचाकींसाठी ४८,४०० चार्जर उभारण्याचे ठरले. हे प्रमाण मला समंजस वाटते. त्यातला आपला वाटा मागताना महापालिकेने केवळ मोठ्या यंत्रांची संख्या न सांगता पूर्व भागातल्या गल्ल्या, अक्कलकोट रस्त्यावरची आणि चिंचोळीची औद्योगिक वसाहत, रिक्षा थांबे आणि बसस्थानकाचा परिसर यांची यादी द्यावी, आणि प्रत्येक ठिकाणी गाड्या किती तास उभ्या असतात तेही त्यात लिहावे. त्या एका नोंदीवरून कुठे साडेतीन किलोवॅट पुरतील आणि कुठे साठ लागतील, हे अभियंत्याला लगेच ठरवता येईल.