परजीवींच्या पुड्या

मलेरियाचा परजीवी लाल रक्तपेशीत शिरला की त्याच्याभोवती एकाबाहेर एक तीन पटलं असतात: त्याचं स्वतःचं, तो ज्या पोकळीत राहतो तिचं आणि रक्तपेशीचं. शेजारच्या पेशीत त्याचा भाऊबंद असला तरी गाठभेट नाही. तरीही रक्तात गर्दी वाढली की काही परजीवी नेहमीची वाढ सोडून डासात जाण्याजोगी लैंगिक रूपं घेऊ लागतात. गर्दी झाल्याचं त्यांना कळतं कसं?

याचं काही अंशी उत्तर 2013 मध्ये मिळालं. मेलबर्नच्या संशोधकांनी मलेरियाच्या फाल्सिपेरम जातीच्या परजीवींचे दोन गट घेतले. एका गटात एका औषधाला दाद न देणारा जनुक घातलेला, दुसऱ्यात दुसऱ्या औषधाला. मग दोन्ही गट एकत्र वाढवले आणि दोन्ही औषधं एकदम दिली. हिशेबानं सगळेच मरायला हवे होते. काही जगले! म्हणजे जनुक इकडचा तिकडे गेला होता. पेशी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे बारीक छिद्रांचा पडदा लावला, तरीही तो गेला. पडद्यातून पार होत होत्या त्या बाह्यपेशीय पुटिका, म्हणजे पेशीनं बाहेर सोडलेल्या, मेदाच्या आवरणाच्या सूक्ष्म पुड्या. आत प्रथिनं, आरएनए, कधी डीएनए. या पुड्यांमुळे लैंगिक रूपांचं प्रमाणही वाढत होतं.

यातल्या बऱ्याचशा 30 ते 150 नॅनोमीटरच्या, काही त्याहून मोठ्या. 100 नॅनोमीटरच्या 70 पुड्या ओळीनं लावल्या तर एका लाल पेशीच्या व्यासाएवढ्या होतील. साध्या सूक्ष्मदर्शकाला हे दिसणं कठीणच. शिवाय 1983 मध्ये मेंढीच्या कोवळ्या लाल पेशी नकोशी प्रथिनं अशा पुड्यांत भरून बाहेर टाकताना आढळल्या आणि या पुड्यांवर ‘पेशीचा कचरा’ असा शिक्का बसला. तो पुसला जायला वेळ लागला. पुड्यांमधला आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो हे 2007 मध्ये दिसलं, तेव्हा कुठे लोक वळून पाहू लागले.

परजीवींनी मात्र या टपालाचा वापर कधीचाच चालवला आहे. काळा आजारासारखे रोग घडवणारा लेश्मानिया हा परजीवी सँडफ्लाय या बारीक माशीच्या आतड्यात असतानाच पुड्या सोडतो आणि माशी चावते तेव्हा परजीवीबरोबर त्याही कातडीत उतरतात. उंदरांना परजीवीसोबत या पुड्याही टोचल्या तर जखम अधिक चिघळते. उंदरांच्या आतड्यात राहणारा एक गोल कृमी आपल्या पुड्यांमधून सूक्ष्म आरएनए यजमानाच्या पेशींत पोचवतो आणि तिथली प्रतिकाराची हाक दाबतो. पण त्याच पुड्या लस म्हणून आधी टोचल्या तर उंदीर या कृमीला बऱ्यापैकी तोंड देतात. मला हा भाग सगळ्यात आशादायक वाटतो.

उत्साहाला थोडा आवर हवा. रक्तात याच आकाराचे मेदप्रथिनांचे कण खच्चून भरलेले असतात. त्यांतून पुड्या निवडून काढणं जिकिरीचं, त्यामुळे एखादा परिणाम पुडीचा की तिच्यासोबत आलेल्या भेसळीचा, हे दर वेळी तपासावं लागतं.

निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोम तर रक्तपेशीच्या आत शिरतच नाही, रक्तरसात मोकळा पोहतो. त्याच्या शेपटासारख्या कशाभिकेतून बारीक नळ्या निघतात आणि तुटून त्यांच्या पुड्या होतात. मानवी रक्तरसातला मारक घटक निष्प्रभ करणारं प्रथिन या पुड्यांतून दुसऱ्या, दुबळ्या ट्रिपॅनोसोमला मिळतं आणि तोही तगतो. उरलेल्या काही पुड्या यजमानाच्या लाल पेशींना भेटतात आणि त्यांच्या पटलात मिसळून जातात. पटलाचे गुणधर्म बदलतात, शरीर त्या पेशी झपाट्यानं रक्तातून काढून टाकतं आणि रक्तक्षय होतो. परजीवीनं स्वतः त्या पेशींना बोटही लावलेलं नसतं.